क्रूझची जाहिरात आणि प्रत्यक्ष जहाज: पैसे भरण्याआधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं सहा जणांचं कुटुंब: नवरा-बायको, 13 आणि 6 वर्षांची दोन मुलं, सत्तरीतले आजी-आजोबा. यापूर्वी कुणीच क्रूझवर गेलेलं नाही. 'चार रात्री, पाच दिवस, सगळं समाविष्ट, मुलं मोफत' अशी जाहिरात पाहिली आहे. त्यातलं किती खरं असतं, मुंबईहून जावं की सिंगापूरहून, आणि खर्च शेवटी कुठे जाऊन थांबतो?

जाहिरातीतली चित्रं सहसा खोटी नसतात. तो तलाव, ती घसरगुंडी, तो झुंबराखालचा जिना जहाजावर खरोखर असतो. पण जाहिरात दाखवते अख्खं जहाज, आणि तिकीट मिळतं एका केबिनचं, ठरावीक तासांचं, कंपनीच्या अटींवर. त्यामुळे जाहिरात हातात आली की तिचा हिशेब तीन मापांत मांडायचा: रुपये, तास आणि चौरस फूट. हे पैसे भरण्याआधी केलं तर क्रूझ ही कुटुंबासाठी फार सुखाची सहल ठरते. जहाजावर चढल्यावर केलं तर तेच जहाज महाग, लहान आणि गर्दीचं वाटायला लागतं.

'पासून' या शब्दाचा हिशेब

जाहिरातीतला 'अमुक रुपयांपासून' हा दर चार गोष्टी धरून काढलेला असतो. एका केबिनमध्ये दोन मोठी माणसं, सगळ्यांत स्वस्त म्हणजे खिडकी नसलेली आतली केबिन, मोसमातली सगळ्यांत पडेल तारीख, आणि बंदरशुल्क, कर, टीप हे सगळं वगळून. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तो दर मिळेल असं धरून चालू नका.

एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण बहुतेक परदेशी कंपन्यांच्या बिलाची मांडणी अशीच असते. समजा चार रात्रींचा दर माणशी 299 डॉलर आहे. त्यावर बंदरशुल्क आणि कर माणशी 110 डॉलर. कर्मचाऱ्यांची टीप, म्हणजे ग्रॅच्युइटी, मोठ्या अमेरिकी कंपन्यांत माणशी दररोज साधारण 16 ते 20 डॉलरच्या घरात असते. 18 धरली तर चार रात्रींचे 72. म्हणजे 299 चे 481 झाले. चार मोठ्यांचे 1,924. आता 'मुलं मोफत' बघू. मोफत असतं ते फक्त मुलांचं भाडं. बंदरशुल्क आणि टीप त्यांनाही पुरती पडते, 110 अधिक 72, म्हणजे प्रत्येकी 182. दोघांचे 364. बेरीज 2,288. दोन फोनांना वायफाय घेतलं, फोनमागे दिवसाला 20 डॉलर, की आणखी 160. एकूण 2,448 डॉलर. जाहिरात वाचून तुम्ही मनात धरलेला आकडा होता 299 गुणिले चार, म्हणजे 1,196. दुपटीच्या वर गेलं, आणि यात विमान, व्हिसा, हॉटेल, विमा, बंदरावरची सहल यातलं काहीच नाही.

'मुलं मोफत' याला आणखी एक अट असते: मूल केबिनमधलं तिसरं किंवा चौथं माणूस असलं पाहिजे. तुमच्या सहा जणांत दोन केबिन लागतील. दोन्ही मुलं आई-वडिलांकडे, किंवा एक नातू आजी-आजोबांकडे, दोन्ही मांडणी या अटीत बसतात. पण कुणी एकटं माणूस वेगळी केबिन घेणार असेल, तर त्याला बहुतेक वेळा दोन माणसांचं भाडं भरावं लागतं.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचा हिशेब रुपयांत असतो, पण पायऱ्या त्याच: भाडं, बंदरशुल्क, सेवाशुल्क, जीएसटी. परदेशी पॅकेज एजंटमार्फत घेतलंत तर टीसीएसही, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना आपल्या करात वळता होतो, पण भरताना खिशातून जातोच, तेव्हा तेवढी रक्कम तयार ठेवा.

या बाबतीत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सुरुवातीला कमी दर दाखवून शेवटच्या पायरीवर शुल्क चढवणं, न विचारता विमा किंवा तत्सम गोष्ट बिलात टाकणं, 'फक्त दोनच केबिन शिल्लक' अशी खोटी घाई करणं, हे सगळं त्यात नाव घेऊन नमूद आहे. त्याआधी जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची तत्त्वं आली. त्यात असं म्हटलं आहे की दावा ज्या भाषेत केला, खुलासाही त्याच भाषेत हवा आणि वाचता येईल असा हवा. मराठी पेपरात पानभर मराठी जाहिरात आणि तळाला मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, ही पद्धत या तत्त्वांत बसत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2024 पासून सक्तीची शुल्कं धरूनच दर जाहीर करायचा कायदा लागू केला, तेव्हा तिथल्या मोठ्या क्रूझ कंपन्यांनी आपले जाहीर दर बदलले. याचा अर्थ एकच, एकत्रित दर सांगणं कंपनीला जमतं. म्हणून एजंटला फोनवर नव्हे, लेखी विचारा: 'आमच्या सहा जणांचा, या तारखेचा, या दोन केबिनचा, सगळी शुल्कं आणि टीप धरून एकूण आकडा किती?' उत्तर ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर यायला हवं.

'सगळं समाविष्ट' म्हणजे काय

भाड्यात साधारणपणे येतं ते असं: केबिन, मुख्य डायनिंग हॉलमधलं जेवण, बुफे, बुफेतलं पाणी आणि साधा चहा-कॉफी, तलाव, बहुतेक नाट्यगृहातले कार्यक्रम, मुलांचा क्लब. बाहेर राहतं ते असं: दारू, बाटलीबंद शीतपेयं, नावाजलेल्या कॉफीची दुकानं, खास रेस्टॉरंट, स्पा, वायफाय, कपडे धुणं, फोटो, बंदरावरच्या सहली आणि जहाजावरचा डॉक्टर.

ड्रिंक्स पॅकेजचा दर दिवसाचा असतो आणि सहलीतल्या सगळ्या दिवसांसाठी घ्यावा लागतो. शिवाय एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घेतलंच पाहिजे, अशी बऱ्याच कंपन्यांची अट असते. दिवसाला सहा-सात पेयं प्यायली तरच ते परवडतं. घरी कधीमधी एखादी बिअर घेणाऱ्या माणसाने सुटं घेतलेलं बरं. मुलांसाठी शीतपेयांचं वेगळं, स्वस्त पॅकेज असतं. तेही मूल दिवसाला तीन-चार ग्लास पिणार असेल तरच घ्या.

जहाजावर रोकड चालत नाही. केबिनची किल्ली असलेलं कार्ड पुढे केलं की रक्कम खात्यावर चढते. तिथेच हात सैल सुटतो. 13 वर्षांच्या मुलाच्या कार्डावर खरेदी बंद ठेवता येते किंवा मर्यादा घालता येते. चढल्या चढल्या गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर हे काम उरका. क्रेडिट कार्ड परदेशी चलनात वापरलं की बहुतेक भारतीय बँका 2 ते 3.5 टक्के मार्कअप लावतात. यंत्राने 'रुपयांत भरू का?' विचारलं तर नाही म्हणा आणि डॉलरच निवडा, कारण तिथला रुपयांचा दर जवळपास नेहमीच तोट्याचा असतो.

जाहिरात कधीच न सांगणारी एक गोष्ट फोनची आहे. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते आणि फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो. त्याचे रोमिंग दर जमिनीवरच्या रोमिंगच्या कितीतरी पट असतात. मागे चालू राहिलेलं एखादं अ‍ॅप हजारो रुपयांचं बिल करून ठेवतं. धक्का सुटायच्या आधी घरातले सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग हवं तर वायफाय चालू करा. आजोबांचा फोन विसरू नका.

टीप ऐच्छिक आहे, ती काउंटरवर जाऊन काढून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तसं करू नये असं माझं ठाम मत आहे. ती रक्कम केबिन आवरणाऱ्या, वाढणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसांत वाटली जाते आणि त्यांच्या कमाईचा तो मोठा भाग असतो. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं वर्षातले सहा-नऊ महिने याच कामावर असतात. टीप भाड्याचाच भाग समजून हिशेबात धरा.

दिवस मोजू नका, तास मोजा

'दोन रात्री, तीन दिवस' याचा प्रत्यक्ष अर्थ बघा. शुक्रवारी दुपारी दोन-तीनच्या सुमारास जहाजावर पाय ठेवायचा, रविवारी सकाळी आठ-नऊला उतरायचं. झाले साधारण 42 तास. त्यातले दोन रात्रींच्या झोपेचे 16 काढा. चढण्या-उतरण्याच्या रांगा, सुरक्षा कवायत, सामानाची आवराआवर यांचे निदान चार काढा. उरले 22. गोव्याला थांबा असेल तर त्यातलेच सात-आठ तास जमिनीवर जातात. मग जहाज उपभोगायला उरतात 14-15 तास. पहिल्यांदा चव घ्यायला हे वाईट नाही, पण 'तीन दिवसांची सुट्टी' म्हणून ते महागच पडतं. चार रात्रींच्या सहलीत पहिला आणि शेवटचा अर्धामुर्धा दिवस तेवढाच फुकट जातो, मध्ये मात्र तीन पूर्ण दिवस मिळतात. तेवढ्याच पैशांत दोन रात्री बाल्कनी की चार रात्री खिडकीची केबिन, असा पर्याय आला तर चार रात्री घ्या.

पहिल्या दिवशी केबिन दुपारी एक-दोनपर्यंत तयार होत नाहीत, आणि धक्क्यावर दिलेल्या बॅगा कधी कधी संध्याकाळी सहा-सातला दारात येतात. तेव्हा औषधं, पासपोर्ट, चष्मा, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि एक स्वेटर खांद्यावरच्या पिशवीत हवं. सुरक्षा कवायत टाळता येत नाही आणि टाळूही नये. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून 32 माणसं गेली. त्या वेळी नव्याने चढलेल्या अनेकांची कवायत व्हायचीच होती. पुढे नियम बदलला आणि 2015 पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी कवायत सक्तीची झाली. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर चित्रफीत पाहून नेमलेल्या जागी हजेरी लावायची असते. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे गोळा होण्याचा इशारा. 6 वर्षांच्या मुलालाही तो सांगून ठेवा, आणि आपली जागा जिन्याने चालत जाऊन एकदा पाहून या. आणीबाणीत लिफ्ट वापरायच्या नसतात.

केबिन: फोटो आणि फूटपट्टी

जाहिरातीतला केबिनचा फोटो कोपऱ्यातून, रुंद भिंगाने काढलेला असतो. आतल्या केबिनचं क्षेत्रफळ जुन्या जहाजांवर 120 चौरस फुटांच्या आसपास, नव्यांवर 150 ते 180. म्हणजे मुंबईतल्या फ्लॅटमधली 10 बाय 12 ची बेडरूम डोळ्यांसमोर आणा, आणि त्यातच न्हाणीघर, कपाट, टेबल बसवा. चौघांची केबिन म्हणजे याच जागेत छतातून किंवा भिंतीतून उघडणारे दोन बर्थ, रेल्वेच्या थ्री-टियरसारखे. रात्री शिडी लावली की चालायला वाट उरत नाही, आणि पहाटे उठणाऱ्या माणसामुळे सगळ्यांची झोपमोड होते. तुमच्यासाठी तीन-तीन अशी वाटणी सोयीची. 13 वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आजी-आजोबांच्या केबिनमध्ये वरच्या बर्थवर, 6 वर्षांचं मूल तुमच्याकडे सोफ्याच्या पलंगावर. दोन केबिन मागताना 'शेजारी-शेजारी' आणि 'आतून दार असलेल्या' हे दोन वेगळे प्रकार आहेत. आतून दार हवं असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण त्या थोड्याच असतात आणि लवकर जातात.

केबिनचा क्रमांक निवडताना डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा आराखडा, उघडून बसा. आपल्या केबिनच्या नेमकं वर काय आहे आणि नेमकं खाली काय आहे, एवढंच बघायचं. वर तलावाचा डेक असेल तर सकाळी सहापासून खुर्च्या ओढल्याचा आवाज. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री एकपर्यंत ठेका. आराखड्यात जिथे काहीच लिहिलेलं नसून कोरी जागा आहे, तिथे बहुधा स्वयंपाकघर किंवा सामानाची ये-जा असते. वर केबिन, खाली केबिन, आणि जहाजाच्या लांबीच्या मध्यावर, ही जागा सगळ्यांत शांत. लिफ्टला अगदी चिकटून नको, तीन-चार दारं सोडून चांगली. आजी-आजोबांना चालणंही कमी पडतं.

'गॅरंटी केबिन' म्हणजे प्रकार नक्की, क्रमांक कंपनी देईल तो. स्वस्त पडते, पण दोन केबिन एकमेकींपासून चार डेक लांब येऊ शकतात. ज्येष्ठ माणसं बरोबर असताना ती घेऊ नये. 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणजे खिडकीसमोर बहुधा जीवरक्षक नौका टांगलेली. उजेड येतो, समुद्र दिसत नाही. ज्यांना नुसता दिवस-रात्र कळायला हवा त्यांच्यासाठी हा चांगला सौदा आहे. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. रात्री उठणाऱ्या आजोबांसाठी छोटा बॅटरीचा दिवा न्या.

गर्दीचं गणित

रिकामा तलाव आणि काठावर एक जोडपं, हे दृश्य पहाटे साडेसहाला दिसू शकतं. जहाज दिवसभर समुद्रात असलं की दुपारी बारा ते चार तलावात उभं राहायला जागा नसते. यासाठी एक सोपं माप आहे: जहाजाचं ग्रॉस टनेज भागिले प्रवासी. ग्रॉस टनेज हे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप आहे. म्हणून भागाकारातून माणशी जागा कळते. 2021 पासून मुंबईहून फिरू लागलेलं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' 1990 साली फ्रान्समधल्या सँ-नाझेर इथे 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने बांधलं गेलं. त्याचं टनेज 48,563, आणि केबिनमागे दोघे धरले तर सुमारे 1,600 प्रवासी. भागाकार येतो 30. सिंगापूरहून फिरणारं 'गेंटिंग ड्रीम' 2016 चं, 150,695 टनेज, सुमारे 3,350 प्रवासी; भागाकार 45. मायामीहून जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' 248,663 टनेजचं, 5,610 प्रवाशांचं, भागाकार 44. म्हणजे अवाढव्य जहाजावर माणसं जास्त असली तरी माणशी जागा कमी नसते. उलट गर्दी जुन्या, मध्यम जहाजावर जास्त जाणवते. सुट्टीत केबिनमध्ये तिघं-चौघं आले की हा भागाकार आणखी खाली येतो.

जुन्या जहाजाची एक बाजू मात्र मला आवडते. त्यावर समुद्र जवळ असतो. चालायचे डेक पाण्याला लागून, मोकळे, आणि अंतरं कमी, त्यामुळे आजीला अर्धा किलोमीटर चालून जेवायला जावं लागत नाही.

गर्दीतून वाट काढायची पद्धत अशी. कार्यक्रमांचं आरक्षण चढल्या चढल्या अ‍ॅपवर करा, संध्याकाळपर्यंत चांगल्या वेळा भरतात. तलाव सकाळी आठच्या आत. बुफेला साडेआठ-नऊची वेळ टाळा, त्याच वेळी मुख्य डायनिंग हॉलमध्ये बसून निवांत नाश्ता मिळतो, त्याच पैशांत. घसरगुंड्या आणि साहसी खेळांना उंचीची अट असते, बऱ्याच ठिकाणी सुमारे 120 सेंटिमीटर. 6 वर्षांचं मूल त्यात बसेलच असं नाही. घरीच भिंतीला टेकवून मोजा आणि मुलाला आधीच सांगा. तिथे रांगेच्या टोकाला जाऊन परत फिरावं लागलं की लेकरू फार हिरमुसतं.

बंदराचं नाव एक, शहर दुसरं

जाहिरातीत 'रोम' असतं, जहाज लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सुमारे 80 किलोमीटरवर. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, तिथून सुमारे 200 किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. 'बँकॉक' म्हणजे लाएम चाबांग, गाडीने दोन तास. 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग, तासाभराच्या वर. 'गोवा' म्हणजे मुरगाव बंदर, वास्कोजवळ. कळंगुट-बागा गाठायला सव्वा ते दीड तास, सुट्टीच्या गर्दीत त्याहून जास्त. जहाज सकाळी आठला लागलं आणि संध्याकाळी पाचला निघणार असेल, तर उतरायला नऊ वाजतात आणि परत चढायची वेळ चार-साडेचारची असते. बागाला जाऊन येण्यातच तीन तास गेले. त्या थांब्यात वास्को, बोगमाळो किंवा जुनं गोवं करा आणि जेवून परत या.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. लक्षद्वीपच्या अगत्तीला भोवतालच्या प्रवाळामुळे मोठं जहाज बाहेर नांगरतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर न्यावं लागतं. हलत्या बोटीत पाऊल टाकताना दोन्ही गुडघे भक्कम लागतात. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांना हे जमत नाही. बुकिंगपूर्वी प्रत्येक बंदरापुढे 'धक्का की बोट' हे विचारून लिहून घ्या.

जहाजाची वेळ आणि गावातली वेळ वेगळी असू शकते. फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, जहाज आपलंच घड्याळ चालवतं. उतरताना हातातल्या साध्या घड्याळात जहाजाची वेळ लावून घ्या. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. कंपनीने विकलेल्या सहलीचीच बस उशिरा आली तर थांबतं. म्हणून बंदरापासून तासाभराच्या पलीकडे जायचं तर कंपनीची सहल घ्या, जवळपास फिरायचं तर स्वतः फिरा. खर्च निम्म्याहून कमी येतो.

समुद्र, हवामान आणि अटी

कॅप्टन हवामानामुळे बंदर वगळू शकतो आणि तिकिटाच्या करारात त्याला पूर्ण मुभा असते. अशा वेळी सहसा त्या बंदराचं शुल्क तेवढं परत येतं, भाडं नाही. हे अन्यायाचं वाटलं तरी खवळलेल्या समुद्रात बंदरात न शिरण्याचा निर्णय कॅप्टनचाच असला पाहिजे. आपण करायचं ते एवढंच, की मोसम पाहून तारीख घ्यायची. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. त्याच्या दोन्ही टोकांना चक्रीवादळांचा: मे 2021 चं तौक्ते, आणि 2017 च्या डिसेंबरच्या तोंडावर लक्षद्वीपला झोडपणारं ओखी. मुंबईहून जायचं तर जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यांत शांत. सिंगापूर-पेनांग-फुकेत हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाय द्वीपकल्प, त्यामुळे तिथे मोठ्या लाटा क्वचितच उठतात.

बोट लागण्याची भीती असेल तर खालचा डेक आणि जहाजाचा मध्य, झोपाळ्याच्या कडीजवळ हालचाल कमी असते तसं. स्टॅबिलायझर, म्हणजे जहाजाच्या बाजूंचे पाण्याखालचे पंख, डावी-उजवीकडची डुलकी आवरतात. पुढचं टोक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही. घाटात जी गोळी चालते तीच इथे चालते, पण ती पोट ढवळायच्या आधी, निघण्याच्या एक-दोन तास अगोदर घ्यायची. आजी-आजोबांची रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या, या गोळ्यांनी ग्लानी येते. रिकाम्या पोटी राहू नये. केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा उघड्या डेकवर क्षितिजाकडे पाहत बसलं की लवकर बरं वाटतं.

पोटाच्या साथी जहाजावर पसरतात त्या बहुधा नोरोव्हायरसमुळे. दारात लावलेल्या सॅनिटायझरचा या विषाणूवर फारसा उपयोग होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, बुफेआधी दर वेळी. जहाजावरच्या डॉक्टरची नुसती तपासणीच शंभर-दोनशे डॉलरला जाते, आणि साधा भारतीय आरोग्य विमा तिथे चालत नाही. प्रवास विमा घेताना आधीचे आजार जाहीर करा आणि जहाजातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते पाहा.

तुमच्यासाठी काय

आजी-आजोबा आणि दोन मुलं बरोबर असताना पहिल्या खेपेला सिंगापूरहून तीन-चार रात्री, नव्या मोठ्या जहाजावर, हे मी सुचवेन. बजेट आटोपशीर ठेवायचं असेल किंवा आजोबांना विमानाचा त्रास होत असेल, तर जानेवारीत मुंबईहून, पण दोन रात्रींची सहल नको, तीन-चारची घ्या. देशांतर्गत सहलीला पासपोर्ट लागत नाही, आणि बॅलार्ड पिअरपर्यंत पुण्याहून गाडीने जाता येतं. शाकाहारी आणि जैन जेवण मुंबईच्या जहाजावर सहज मिळतं. परदेशी जहाजावर बुकिंग करताना लेखी नोंदवा आणि पहिल्याच रात्री हॉलच्या मुख्य वेटरला भेटा. तो पुढच्या दिवसांचं भारतीय जेवण आधीच सांगून ठेवतो. चिवडा, भाकरवडी, खाकरे असा बंद पाकिटातला कोरडा खाऊ सहसा चालतो. घरचं ओलं अन्न, इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात.

सिंगापूरला आदल्या दिवशी पोचा. सकाळी सातला उतरून त्याच दुपारी जहाज पकडायचं पॅकेज स्वस्त दिसतं, पण विमान चार तास रखडलं तर जहाज गेलेलं असतं. तिथे क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीत बसण्यापूर्वी तिकिटावरचं नाव दाखवा. वाटेतल्या प्रत्येक देशाच्या प्रवेशाचे नियम बुकिंगच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहा. बंदरावर उतरणार नसलात तरी त्या देशाची कागदपत्रं नसतील तर चढू देत नाहीत. सिंगापूरला दुसऱ्यांदा प्रवेश करायचा असतो, त्यामुळे व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली असावी.

शेवटच्या रात्री अकराच्या आत मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला, दात घासायचं सामान आणि औषधं आधी बाजूला काढा, कारण त्या बॅगा पुन्हा दिसतात त्या थेट टर्मिनलवर. खात्याचं बिल त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, अ‍ॅपवर किंवा टीव्हीवर उघडून ओळीओळीने वाचा. न घेतलेला फोटो, दोनदा लागलेलं वायफाय, मिनीबारमधली पाण्याची बाटली अशा चुका तिथे सापडतात, आणि रात्री आठला काउंटरवर पाच मिनिटांत दुरुस्त होतात. सकाळी सातला त्याच काउंटरपुढे तासभराची रांग असते.